बिजागरी

यादीत लिहिलं होतं:
बनियन सहा, टॉवेल दोन, जाड स्वेटर एक,
प्रत्येक कपड्यावर आतल्या बाजूनं
लाल दोऱ्यात एकतीस नंबर.
पायजम्यांच्या नाड्या काढाव्यात.
का, ते लिहिलं नव्हतं.
मीही विचारलं नाही.

कन्नमवार नगरच्या नाक्यावरचा यादगिरी
नाडीच्या जागी इलॅस्टिक ओवता ओवता म्हणाला,
पोरगं कॅम्पला चाललं का, मॅडम?
मी म्हटलं, हो.
पहिलंच खोटं इतकं सोपं निघालं
की त्यानं दहा रुपये कमी घेतले.

निषाद,
माझ्या दोन पाटल्यांतली एक तू विकलीस,
दुसरी मी, संस्थेचा ॲडव्हान्स भरायला.
विक्रोळी स्टेशनजवळचा सराफ एकच.
दोन्ही वेळा त्यानं वजन केलं,
विचारलं काहीच नाही.

बाथरूमची कडी ज्या रात्री तोडावी लागली
त्यानंतर घरात कुणी दार लावून आंघोळ केली नाही.
बाबा ऑफिसला जाताना सुऱ्या मोजायचे,
मी बँकेतून आल्यावर.
आकडा जुळला की चहा टाकायचे.

संस्थेच्या बाई फोनवर फार मऊ बोलल्या.
त्याला आधी सांगू नका, मुलं पळतात.
आमची माणसं पहाटे येतील.
तुम्ही फक्त दार उघडा.

फक्त दार.
आपलं दार कुरकुरतं, तुला ठाऊक आहे.
रात्री दोनला तू आत सरकायचास
आणि त्या आवाजानं मी जागी व्हायचे,
झोपेचं सोंग घ्यायचे,
मग खरीच झोप लागायची.

त्या संध्याकाळी मी मशीनच्या तेलाची कुपी काढली,
तिन्ही बिजागऱ्यांत दोन-दोन थेंब सोडले.
उघडून पाहिलं. लावून पाहिलं.
दार जन्मात पहिल्यांदा
शहाण्या मुलासारखं वागलं.

चार वाजता दोघं आले.
त्यांनी चपला बाहेर काढल्या,
हेच का कोण जाणे सारखं आठवतं,
व्यवस्थित जोडीनं, भिंतीला लावून.
तू ओरडला नाहीस.
त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे नाही,
तू दाराकडे पाहिलंस.
गड पडतो तो आतून दरवाजा उघडल्यावर,
हे चौथीत तुला मीच पाठ करून घेतलं होतं.

खालच्या बनसोडेबाईंना सांगितलंय,
कोल्हापूरला मावशीकडे गेलाय.
हवा चांगली आहे तिथली, म्हणाल्या.
दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून खीर आली,
दोनच वाट्या.
यापूर्वी कधी तीनाच्या खाली आल्या नव्हत्या.

रविवारी दहा मिनिटं. स्पीकर चालू,
तुझ्या शेजारी कुणीतरी श्वास घेतंय.
तू म्हणालास,
आई, तुम्ही कशा आहात?

तुम्ही.

सोळा वर्षं अगं आई,
गेलं वर्षभर त्याहून पुष्कळ वाईट,
भिंतीपलीकडच्यांनीही ऐकलेलं.
पण तुम्ही कधीच नाही.
बाबा म्हणाले, बघ, सुधारतोय.
मी म्हटलं, मी बरी आहे,
आणि मलाच कळेना
आता तुला काय म्हणून हाक मारायची.

तू जिवंत आहेस.
हे वाक्य मी रोज उलटसुलट करून बघते,
दुकानात कापड बघावं तसं.
सुलट बाजू चांगली आहे, खरंच चांगली आहे.
उलट बाजूला लाल दोऱ्याची गाठ आहे.

परवापासून दार पुन्हा कुरकुरायला लागलंय.
बाबा म्हणाले, तेल घाल.
मी म्हटलं, संपलं.
कुपी मशीनच्या खणात आहे, निम्मी भरलेली.

रात्री दोनला उठते,
दार वीतभर उघडते.
आवाज येतो.
जिन्यात दिवा असतो, आणि बनसोड्यांची सायकल.
तशीच उभी राहते थोडा वेळ,
सोंग कुणापुढे घ्यायचं ते न सुचून.